न शिकवलेलं पान

माय,

परवा कमलनगरच्या पुढे एका खेड्यात एका बाईचा वर्ग तपासायला गेले होते. तिथं काय झालं ते तुला सांगावं म्हणून कागद घेतला, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि आधीचं म्हणजे बरंचसं तुझंच आहे. तू गेल्यावर मी शाळेतली नोकरी सोडून प्रौढ शिक्षणाच्या खात्यात आले. गावोगाव हिंडायचं, मोठ्या माणसांचे वर्ग बघायचे, वर अहवाल पाठवायचे. आता त्यात परवान्याचं काम आलंय. गाडी चालवणाऱ्याला परवाना लागतो, औषधं विकणाऱ्याला लागतो, म्हशीला सुई टोचणाऱ्यालासुद्धा लागतो. चाळिशी गाठलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा पाटी देणाऱ्याला मात्र कालपरवापर्यंत काही लागत नव्हतं. ज्याला दुसरं काही जमलं नाही तो प्रौढांचा मास्तर, असा कारभार होता. तो मोडावा म्हणून आम्ही काही जणांनी जिवाचं रान केलं. मोडला म्हणायचा. पण माय, मला आता फार थकायला होतं. जीपमधून उतरताना आधी गुडघा बोलतो, मग मी.

राजेश्वर गावातल्या आपल्या घरापुढे पत्र्याचा मांडव होता, तिथं तुझा वर्ग भरायचा. उन्हाळ्यात दुपारी, इतर वेळी शेतातून आल्यावर चूल पेटायच्या आधी. पेरणी नि खुडणीत बंद. अप्पा शहाबादकडं फरशीच्या खाणीवर होते, महिन्याकाठी घरी यायचे. खाणीवरच्या मजुरांत कुणीतरी वाचायला शिकवत होतं, तिथं ते शिकले आणि बुद्धाची दीक्षा घेतल्यानंतरच्या वर्षी त्यांनी तुला शिकवलं. नवरा बायकोला शिकवतोय म्हणून वस्तीत काय चेष्टा झाली असेल ती झाली. मला आठवते ती तू भाकरी थापता थापता परातीतल्या पिठावर बोटानं अक्षरं काढायचीस ती. काढायचीस आणि लगेच मळून टाकायचीस. पुढं तुला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं, तरी तू वस्तीतल्या बायांना बोलवायला लागलीस. बोलवायला म्हणजे काय, दारात जाऊन उभी राहायचीस. "सासूनं डाळ निवडायला बसवलंय," असं कुणी म्हणालं की तू म्हणायचीस, "डाळ बी घेऊन ये. बसून निवड. कान तर रिकामे हायत न्हवं?"

तो मांडव मला आजही ऐकू येतो. तू वाचनमालेतला धडा जात्यावरच्या ओवीच्या चालीत लावलेला. शेतात तूर आहे, तुरीला शेंगा आहेत, शेंगांत दाणे आहेत. एक ओळ तू म्हणायचीस, बाया उचलायच्या, आणि एका दुपारीत अख्खा धडा सगळ्यांच्या तोंडी. ज्या बायांना लग्नापासूनच्या सगळ्या ओव्या पाठ, त्यांना चार ओळींची तूर काय जड जाणार? रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची. मी तेव्हा हुमनाबादला हायस्कुलात शिकत होते, सुट्टीला यायचे, आणि खरं सांगते, मला तुझा फार अभिमान वाटायचा. एकदाच मी मधे बोलले. एका काकूंच्या पुढ्यात पान उघडलं होतं गाईचं आणि त्या डोळे मिटून म्हणत होत्या तूर. मी त्यांचं पान उलटायला गेले. तू माझ्या हातावर फटका दिलास. "गप बस. म्हणायली न्हवं ती? जलमात पयल्यांदा तोंड उघडलंय तिनं चारचौघांत. आधी तोंड उघडू दे, डोळे मागून उघडतील." सगळ्या बाया हसल्या. मी रुसून आत गेले. तुझं हे वाक्य मी पुढं कितीतरी प्रशिक्षणांत सांगितलं आहे, तुझं म्हणून न सांगता.

मग तालुक्याहून ते फर्मान आलं. म्हैसूर राज्य होतं तेव्हा आपलं. मोठ्या माणसांचे वर्ग चालवणाऱ्यांची तपासणी होणार, जे उतरतील त्यांना परवाना मिळणार, आणि परवाना असलेल्या वर्गाला शाळेची एक खोली; नसला तरी वर्ग चालवायला बंदी नव्हती. तुला पगाराबिगाराचं काही नव्हतं. तुझा जीव अडकला तो त्या खोलीत. आपल्या मांडवाखाली आपल्याच वस्तीतल्या बाया येणार, गावातल्या येणार नाहीत, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पाटलांची धाकटी सून तुला शेताच्या वाटेवर म्हणाली होती, "शाळंत भरला तर म्या येईन. शाळा काय कुणाच्या घरची न्हाई." एवढंच म्हणाली होती ती, जाता जाता, पदर सावरत. तू त्यावर किती इमले बांधलेस. ती आली की तिच्या मागं तिची जाऊ, जावेमागं शेजारीण. "येकदा म्हंजे येकदा," तू मला म्हणालीस, "त्या बायानं माझ्या हातानं पाटी घ्यायला पायजे. माझ्या हातानं." बसवकल्याणच्या बाजारातून तू एक मोठी सतरंजी आणलीस. आपल्या घरात ती उलगडून पसरायलासुद्धा जागा नव्हती. अप्पांनी विचारलं, एवढी कामून? तू म्हणालीस, खोली मोठी हाय.

तपासणीचे साहेब म्हैसूरकडचे होते. मराठी त्यांना कळायची, बोलायचे ते दखनीत. स्वभावानं चांगला माणूस, हे मी आज सांगू शकते. त्या वयात मला तो राक्षस वाटला. बायांनी तूर म्हटली तेव्हा ते मांडीवर ताल धरून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "बहुत अच्छा." ते पुस्तकात काहीतरी लिहीत होते आणि तू पदरानं तोंड पुसत होतीस. मग म्हणाले, "अब तुम्हारा, अक्का. तख्ते पे अपना पूरा नाम लिखो, और पढ़के सुनाओ." तू उठलीस. फळ्यावर खडूनं तीन शब्द लिहिलेस, तुझं नाव, अप्पांचं नाव, आडनाव. अक्षर किती छान होतं तुझं. मग वाचलंस. पहिलं वाचलंस, शेवटचं वाचलंस.

"बीच का?" साहेब म्हणाले.

त्यांनी परत वाचायला सांगितलं, तू परत तसंच वाचलंस, मधला शब्द जणू फळ्यावर नव्हताच. साहेबांच्या लक्षात आलं. ते हळू आवाजात म्हणाले, "रिवाज मेरे घर में बी हैच, अक्का. मेरी घरवाली बी नै लेती मेरा नाम. मगर मेरेकू कागज पे लिखना है कि आप पूरा पढ़े." मागून आपली शेजारीण म्हणाली, "उखाण्यात घे की गं. साहेब काय बी म्हणत न्हाईत." बाया खुदकन हसल्या आणि साहेबही हसले, आणि मला वाटलं सुटली माय. पण तू त्या शेजारणीकडं असं बघितलंस. "लगीन हाय व्हय इथं?" तू म्हणालीस. "वर्ग हाय." मग कुणी हसलं नाही. साहेबांना दुसरा एखादा शब्द लिहून देता आला असता, तो तू धडाधड वाचला असतास. त्यांनी दिला नाही, तू मागितला नाहीस. दोघंही आपापल्या नियमाला चिकटून राहिलात.

आणि माय, ज्या बाईनं वर्षभर आम्हाला सांगितलं की नवऱ्याचं नाव घेतल्यानं काही होत नसतं, ते सगळं मागं टाकून आलोय आपण, तीच ही बाई. त्या संध्याकाळी मी तुला टाकून बोलले. तू चुलीपुढं होतीस. "जीभ उचललीच न्हाई गं," एवढंच तू म्हणालीस. अप्पा आले तेव्हा त्यांना शेजाऱ्यांकडून आधीच कळलं होतं. ते हसतच घरात आले. जेवायला बसल्यावरही हसत होते. "घ्यायचं की नाव," म्हणाले, "मी काय लगीच मरणार हुतो व्हय?" तू तव्यावरची भाकरी उलटत होतीस. त्यांच्याकडं न बघता म्हणालीस, "तुम्ही खाणीत उतरता न्हवं." अप्पांचं हसू तिथंच थांबलं. नंतर त्यांनी तो विषय परत कधी काढला नाही, आणि मीही नाही. देवदेवस्की टाकणं सोपं होतं, फरशीखाली रोज जाणारा माणूस डोक्यातून टाकणं सोपं नव्हतं, हे मला कळायला माझंच लग्न व्हावं लागलं.

निकालाचं टपाल आलं ते कानडीत. तुला कानडी बोलता यायची, वाचता यायची नाही. मी शाळेत शिकले होते, म्हणून तू कागद माझ्या हातात दिलास आणि समोर बसलीस. त्यात लिहिलं होतं की सदर बाईंचं वाचन समाधानकारक नाही, सबब परवाना देता येत नाही. तुला वाचता येत नाही, हे मला तुला वाचून दाखवावं लागलं. तू विचारलंस, "बायांचं काय लिवलंय?" बायांचं वाचन उत्तम, असं लिहिलं होतं. ते ऐकून तू मान हलवलीस. खोली शाळेतल्याच एका तरुण मास्तरांना मिळाली. त्यांनी गड्यांचा वर्ग काढला, थोडे दिवस चालवला, मग त्यांची बदली झाली आणि खोलीला कुलूप लागलं. पाटलांची सून पुढंही तुला वाटेत भेटायची, बोलायची, पाटीचं नाव दोघींनीही काढलं नाही. तू मांडवाखाली वर्ग चालवतच राहिलीस, पण सतरंजी काढली नाहीस. मला आळंदच्या बाजूला, मादन हिप्परग्याला, पहिली नोकरी लागली तेव्हा ती माझ्या ट्रंकेवर बांधून दिलीस. "तुझ्या खोलीत घाल. तुला तरी खोली मिळाली." राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. अप्पांच्या आधी गेलीस. त्यांनी मागं तुझं नाव घेऊन घेऊन रडायचं सोडलं नाही.

मग देशभर प्रौढ शिक्षणाची लाट आली. मी खात्यात गेले ती त्या लाटेत, आणि गेले ते मनात तुझं ते टपाल धरून. चुकीच्या कारणानं एका बाईला नाकारलं, ती बाई माझी माय होती, हे मी वर्षानुवर्षं उगाळलं. पण आमचं पहिलंच प्रशिक्षण होतं बीदरला, तिथं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की वर्ग तपासताना शिकवलेलं पान कधीच वाचायला देऊ नका, न शिकवलेलं द्या. सोपी गोष्ट. सगळ्यांनी वहीत टिपली. मी पेन हातात धरून बसले होते आणि मला आपला मांडव दिसत होता, गाईच्या पानावर डोळे मिटून तूर म्हणणाऱ्या काकू दिसत होत्या. माय, त्या किती बायांना वाचता येत होतं? मी सुट्टीत घरी गेले तेव्हा, तू नव्हतीस, चौघी-पाचजणींना सहज म्हणून वर्तमानपत्राचा तुकडा दिला. एकीनं अडखळत वाचला. बाकीच्यांनी हसून परत दिला. एक म्हणाली, "तुझी माय असती तर म्हटलं असतं आम्ही." म्हटलं असतं, म्हणाली ती. वाचलं असतं असं नाही म्हणाली.

तुझं ते टपाल आणि बायांनी हसून परत दिलेला तो तुकडा, त्यानंतरची माझी सगळी नोकरी या दोन गोष्टींच्या मधे गेली. परवान्याची समिती बसली ती गुलबर्ग्याला, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकांवर. गुडघे वर घेऊन बसायचं आणि म्हणायचं की प्रौढांना मुलांसारखं वागवू नये. अध्यक्ष कानडी, निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे पण ऐकून घेणारे. त्यांचा आग्रह होता की दहावी पास असल्याशिवाय परवाना नाही. "वैद्याला शिक्षण लागतं, मग याला का नको?" त्यांचं चूक नव्हतं. शिकवण्याचा धंदा आहे, उपकार नाही, हे तेच ठासून सांगायचे आणि मला ते पटायचं. पण मी अडून बसले. सीमेवरच्या गावांत शाळा न शिकलेली, पण कितीतरी वर्षं वर्ग चालवणारी माणसं आहेत; त्यांना दारातूनच हाकलू नका. त्यांची परीक्षा त्यांच्या वर्गात घ्या, त्यांच्या भाषेत घ्या, मराठी असो, कानडी असो, उर्दू असो. आणि कुणालाही कुणाचं नाव मोठ्यानं वाचायला लावू नका. शेवटचं ऐकून अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे कलम कोणासाठी, बाई?" मी म्हणाले, अशा पुष्कळ आहेत. तुझं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते बिचारे लगेच कबूल झाले असते, आणि मला ते दयेनं नको होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारे उर्दूचे मास्तर बसायचे, निजामाच्या काळापासून शिकवत आलेले. बैठक लांबली की डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं झोपले. त्या दिवशी डोळे न उघडताच म्हणाले, "कागज से उस्ताद नै बनता, बेटी. बगैर कागज के बी नै बनता. दोनों देख लिया मैं." चहा आला. माझं कलम मंजूर झालं. आणि त्याला जोडून दुसरं एक, ते कुणीच सुचवलं नव्हतं, ते मी स्वतः घातलं: परीक्षकानं पूर्ण वेळ वर्गात मागं बसावं आणि शेवटी शिकणाऱ्यांना न शिकवलेलं पान द्यावं; निम्म्याहून जास्त जणांना ते वाचता आलं तर परवाना. दार मी उघडलं आणि उंबरासुद्धा मीच घातला. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही दिसत नाही, हेच तर दुखणं आहे.

आता परवाचं. कमलनगरपासून जीपनं आत जावं लागतं. बाईचा वर्ग गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत होता. तिला सगळ्या अक्का म्हणत होत्या, सासवासुद्धा. तू गेलीस त्या वयाची असेल, आवाज मोठा, हात राकट. शाळा चौथीपर्यंत. बायांना गोळा करायला स्वतः दारोदार फिरते, असं सरपंचांनी सांगितलं. माझ्या कलमातून आत आलेल्यांपैकी ती एक. मी मागं जाऊन दावणीजवळ बसले. तिनं वाचनमाला उघडली, घसा साफ केला आणि धडा म्हणायला लागली, चालीवर. बायांनी उचलला. माय, किती गोड म्हणत होत्या त्या. ज्वारीचा धडा होता, एकजण तर बसल्या जागी डुलत होती. मला पुढचं सगळं कळलं. दोन ओळींतच कळलं. उठून निघून जावं असं वाटलं, पण नियम आहे पूर्ण वेळ बसायचा, आणि नियम मीच केलेला.

शेवटी मी पानं वाटली. विहिरीवरचा धडा होता, सोपा, त्यांना येणाऱ्याच अक्षरांतला. गोठ्यात म्हैस तेवढी कडबा ओढत होती. मग पुढं बसलेल्या एका म्हातारीनं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि म्हणायला लागली, "शिवारात ज्वारी आहे, ज्वारीला कणसं आहेत." बोट ओळीवरून नीट सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. विहिरीच्या पानावरून ती ज्वारी वाचत होती. बाकीच्यांना हायसं वाटलं, त्याही लागल्या. एक तरुण पोरगी तेवढी ओठ न हलवता पानाकडं बघत होती; तिला मी नंतर जवळ बोलावलं, तिनं विहीर वाचली, थांबत थांबत, पण वाचली. एकटीच.

अक्कानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "बाई," ती मला म्हणाली, "ह्ये पान म्या शिकिवलं न्हाई."

"म्हणून तर दिलं, अक्का."

"मग न शिकिवलेलं कसं येईल त्यास्नी?"

मी तिला सांगितलं. अक्षर सुटं करून दाखवायचं, ओळखलं की दुसऱ्या शब्दात शोधायला लावायचं, चाल मोडायची, पान बदलायचं. पदर तोंडाशी धरून ती ऐकत होती. हुशार बाई. तिला सगळं कळलं, कळत असताना तिचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे इतके दिस ह्या निस्त्या माझ्या मागं म्हणायल्यात," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आता वर्ग बंद व्हतोय व्हय?" मी म्हणाले, वर्ग दुसऱ्याला जाईल, तुम्ही बीदरला उन्हाळ्यात शिकायला या, राहायची सोय आहे, पुढच्या वेळी परत परीक्षा देता येते. "सासू अंथरुणाला हाय," ती म्हणाली. "तिला कोण बघंल?" ती उठली आणि कुणाला तरी चहा ठेवायला सांगितलं. "घ्या, बाई. तुमचं काम तुमी केलं." मी चहा घेतला. न घेता निघाले असते तर तिचा आणखी अपमान झाला असता.

येताना जीपवाला म्हणाला, "द्या की लिहून, बाई. कुणाला कळायलंय?" त्यानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. मी म्हणाले, त्या म्हातारीला कळेल. कधीतरी तिच्यापुढं कुणीतरी कागद धरेल, दीर असेल, सावकार असेल, दवाखाना असेल. ती आता अंगठा देणारी राहिलेली नाही, तिला वाटतंय तिला वाचता येतं. बोट ओळीवरून नीट फिरवेल आणि म्हणेल ज्वारी आहे, आणि त्या कागदात ज्वारी नसेल. मी कमलनगरला उतरायच्या आधीच शेरा लिहिला. परवाना नामंजूर. कारण लिहिलं, सही केली.

घरी येऊन जेवले, भांडी आवरली, आणि मग बसले ती तुझ्याशी बोलत. तुला चुकीच्या कारणानं नाकारलं, ही गोष्ट मी आयुष्यभर धरून होते. तिच्या जोरावर मी खात्यात टिकले, समितीत भांडले. ते चुकीचं कारण मी नियमातून काढून टाकलं, माझ्या हातानं, तुझ्यासाठी. ते निघालं आणि खाली बरोबर कारण शिल्लक राहिलं. आज तू मांडवाखाली वर्ग भरवला असतास आणि मी मागं बसले असते, तर तुलाही मी परवाना दिला नसता. पाटलांची सून शाळेच्या खोलीत येऊन तुझ्या सतरंजीवर बसली असती, तुझ्या हातानं पाटी घेतली असती, आणि तिलाही तू तूर म्हणायला शिकवली असतीस. तिनं पाटी घेतली असती, हे मात्र झालं असतं. त्याचं मोल किती, ते लिहायला माझ्या नियमावलीत जागा नाही.

तू म्हणाली असतीस, कामून गं? आणि मी विषय बदलला असता, चहा टाकू का विचारलं असतं. पत्र पोचायची सोय असती तर यातलं अर्धं मी लिहिलंच नसतं. तुला वाचता येत होतं, माय. शिकवता येत नव्हतं. तू हे वाचणार नाहीस, म्हणून लिहिता आलं.